बाहेर उभा असलेला वजीर : अमळनेरच्या एका बैठकीचं प्रकरण

बुद्धिबळाचा पट जवळजवळ रिकामा. (उभ्या पट्ट्या डावीकडून ए ते एच, आडव्या खालून १ ते ८; बी६ म्हणजे बी पट्टीतलं सहावं घर.) पांढरा राजा बी६ वर, त्याच्या शेजारी सी६ वर पांढरं प्यादं. काळा राजा पार कोपऱ्यात ए१ वर आणि काळा हत्ती डी५ वर. चाल पांढऱ्याची. निकाल काय लागेल?

प्रश्न एवढाच दिला होता. ‘पांढऱ्याने जिंकायचं’ किंवा ‘पांढऱ्याने बरोबरी साधायची’ असं मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. कोड्याखाली निकाल छापलेला असला की सोडवणाऱ्याचं अर्धं काम छापणाऱ्यानेच केलेलं असतं. जिंकायचं आहे हे माहीत असलेला माणूस जिंकणारी चाल सापडेपर्यंत हलत नाही. प्रत्यक्ष डावात घड्याळ चालू असताना कानात असं कोणी सांगत नाही. म्हणून अमळनेरला आम्ही डावाच्या अंतिम टप्प्याचा अभ्यास करायला बसतो तेव्हा शिरस्ता ठरलेला आहे: स्थिती मांडायची, चाल कोणाची ते सांगायचं, बस.

त्या संध्याकाळचं सगळं विश्लेषण इथे क्रमाने मांडतो आहे. चौघांनी मिळून एक कोडं सोडवलं, आणि सोडवण्याआधी चौघांपैकी तिघांनी ते चुकीचं सोडवून टाकलं होतं. माझ्या मते शिकण्यासारखं जे आहे ते या दोन गोष्टींच्या मध्ये आहे.

आधी माणसं. आबा सत्तरीच्या पुढचे, बोरीकाठच्या एका खेड्यातले, सगळी हयात जिनिंगमध्ये काट्यावर गेलेली. बुद्धिबळ शिकले ते गावच्या मारुतीच्या पारावर, देशी नियमांनी. बोलतात अहिराणीत, समोरचा कोणीही असो. दुसरे बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांच्याकडे वही असते आणि बैठकीत झालेली प्रत्येक चाल त्या वहीत जाते. तिसरी नववीतली मुलगी. ती जळगाव, धुळे, नाशिक अशा रेटिंग स्पर्धा खेळते आणि हत्तींच्या अंतिम टप्प्याचे धडे तिचे पाठ आहेत. चौथा पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा, सुट्टीला घरी आलेला. सगळे त्याला दादा म्हणतात. चाली डोक्यात मोजण्याचा त्याचा वेग बाकीच्या तिघांच्या दुप्पट असेल. मला उत्तर आधीपासून ठाऊक होतं, म्हणून मी पट मांडून बाजूला बसलो होतो.

मे महिना. दुपारी पारा पंचेचाळिशीला टेकला की आमच्याकडे संध्याकाळीसुद्धा भिंती तापलेल्याच असतात. खोलीत बसवेना म्हणून पट ओट्यावर आणला. फोन मात्र खोलीतच राहिले, तोही शिरस्ताच. पटावर सात सोंगट्यांपर्यंत उरलेल्या सगळ्या स्थितींची उत्तरं संगणकाने केव्हाच काढून ठेवली आहेत. इथे तर चारच सोंगट्या. फोन हातात असता तर उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत मिळालं असतं आणि चौघांपैकी एकालाही ते का बरोबर आहे हे सांगता आलं नसतं.

एकत्र बसून एकाच स्थितीचा कीस काढणं ही या खेळातली जुनी रीत आहे. पूर्वी लांबलेला डाव रात्री थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे खेळायचे, तेव्हा मधल्या रात्री अख्खे संघ एका स्थितीवर जागायचे. १९६२ च्या वर्ना बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये सोव्हिएत जगज्जेता बॉटविनिक आणि अमेरिकेचा तरुण फिशर यांचा डाव असाच थांबला. बॉटविनिकची बाजू पडकी होती. रात्रीच्या विश्लेषणात त्याच्या संघातल्या गेलरला बचावाची कल्पना सापडली आणि दुसऱ्या दिवशी डाव बरोबरीत सुटला. पुढे संगणक आले, डाव थांबवायची पद्धत मोडीत निघाली आणि त्याबरोबर अशा रात्रीही गेल्या. लहान गावातल्या बैठकींनी ही रीत टिकवावी असं मला फार मनापासून वाटतं.

आता पट.

पहिली चाल शोधायला कोणाला वेळ लागला नाही. प्यादं सी७ वर. पुढच्या चालीला ते सी८ वर जाऊन वजीर होणार. काळ्याचा हत्ती डी८ वर जाऊन वाट अडवू शकत नाही, प्यादं तिरपं मारून त्यालाच खाईल आणि वर वजीर होईल. हत्ती सी५ वरून प्याद्याच्या मागे लागू शकत नाही, कारण सी५ राजाच्या हाताखाली आहे. काळ्याने नुसतं दुसरं काहीतरी खेळलं तर वजीर विरुद्ध हत्ती उरतो, आणि त्यात पांढरा जिंकतो. राहता राहिला शह. हत्ती डी६, राजाला शह.

इथे पांढऱ्याच्या राजाला जायला बरीच घरं आहेत आणि इथेच चौघांनी काम वाटून घेतलं. हे वाटप मी सुचवलेलं नव्हतं. मुलगी म्हणाली, “मी वरची घरं बघते, दादा तू सी पट्टी बघ.” काकांनी ए पट्टी घेतली. आबा पटाकडे बघत राहिले.

वरची घरं म्हणजे बी७ आणि ए७. मुलीने लगेच दाखवलं: राजा सातव्या पट्टीत गेला की काळा हत्ती डी७ वर येतो. आता हत्ती, प्यादं आणि राजा एका आडव्या रेषेत. प्यादं पुढे सरकलं तर राजाला शह बसतो, म्हणून ते जागेला खिळलं. राजा बाजूला झाला की हत्ती प्यादं मारणार. मग पटावर दोन राजेच उरतात किंवा उरला तर काळ्याचा हत्ती. पांढऱ्याला जिंकता येत नाही.

सी पट्टीचं दादाने सांगितलं. राजा सी५ वर आला तर हत्ती मुकाट्याने पार खाली डी१ वर जातो. पांढऱ्याने आनंदाने वजीर केला की हत्ती सी१ वर येऊन शह देतो. राजा हलला की त्याच्या मागे त्याच उभ्या पट्टीत सी८ वर उभा असलेला वजीर हत्तीच्या तोंडात. काकांना हे आधी पटेना. “वजीर करायचाच नाही ना मग,” ते म्हणाले. दादाने सोंगट्या हलवून दाखवलं, वजीर नाही केला तरी हत्ती सी१ वर बसून मागून प्यादं खातोच.

ए५ काकांनीच निकालात काढलं. राजा तिथे गेला की हत्ती सी६ वर येऊन प्याद्याला भिडतो, आणि सी६ ला राजाचा हात पोहोचत नाही.

म्हणजे एकच घर उरलं, बी५. राजा बी५ वर असला की सी६, सी५, सी४ ही तिन्ही घरं त्याच्या ताब्यात. हत्तीला सी पट्टीत पाय ठेवायला जागा नाही. खिळवायला सातवी पट्टी नाही, मागून गाठायला सी पट्टी नाही. काळा पुन्हा शह देतो, हत्ती डी५. पुन्हा तोच हिशेब. राजा सी४ वर आला तर हत्ती डी१ वर जाऊन पुन्हा वजिराचा घात. ए४ वर गेला तर हत्ती सी५ वर. म्हणून राजा बी४. पुन्हा शह, डी४ वरून. राजा बी३. पुन्हा शह, डी३ वरून.

हा भाग खेळून बघण्यासारखा आहे. वाचकाने घरी पट मांडून राजाला बी पट्टीतून एकेक घर उतरवून बघावं. हत्ती बरोबरीने डी पट्टीतून उतरत येतो, दोघांच्या मध्ये नेहमी एक पट्टी रिकामी, आणि त्या रिकाम्या पट्टीत जो चुकून पाय टाकेल त्याचं काम तमाम. मुलगी काळ्याकडून शह देत होती, दादा पांढऱ्याकडून उतरत होता, आणि काका वहीत चालींसमोर कारणं लिहीत होते. तोपर्यंतचं चौघांचं काम निर्दोष होतं.

राजा बी३ वर, हत्ती डी३ वरून शह देतोय. आता सी२! जी पट्टी आतापर्यंत निषिद्ध होती तीच आता खुली होते, कारण पट संपत आला आहे. हत्तीला मागे जाऊन सी१ वरून शह द्यायला जागाच नाही. डी१, सी१, डी२, सी३ ही सगळी घरं सी२ वरच्या राजाच्या हाताखाली आहेत. दादाने टाळी वाजवली. “झालं. आता वजीर.”

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. पट मांडताना दादाने पांढरा वजीर पेटीतून काढून पटाच्या कडेला, सी८ च्या बरोबर वर, उभा करून ठेवला होता. प्यादं पोहोचेल तेव्हा हाताशी असावा म्हणून. बाकीच्या सोंगट्या पेटीत होत्या आणि पेटी बंद होती. सुरुवातीपासून चौघांच्या नजरेसमोर तो वजीर उभा होता.

मुलीने हात वर केला. “थांब ना दादा. माझी चाल राहिली.” आणि तिने काळा हत्ती डी३ वरून उचलून डी४ वर ठेवला.

दादाने वजीर केला. तिने हत्ती सी४ वर ठेवून शह दिला. वजिराने हत्ती मारावा तर लागणारच, नाहीतर हत्ती सी८ वरचा वजीर खाणार. वजिराने मारला. आता काळ्याचा राजा ए१ वर. बी१ आणि बी२ पांढऱ्या राजाच्या ताब्यात, आणि ए२ वर सी४ मधल्या वजिराची तिरपी नजर. शह नाही आणि जायला घरही नाही. स्टेलमेट. डाव बरोबरीत.

कोणी काही बोलेना. मग काका म्हणाले, “वा, वा!” त्यांचं ते मनापासूनचं होतं, कारण ही काळ्याची चाल खरोखरच देखणी आहे. हरत असलेला माणूस आपली शेवटची सोंगटी स्वतःहून फुकट देतो आणि त्या देण्यानेच वाचतो. दादाने डी४ च्या जागी दुसरं काही चालतं का ते तपासलं. हत्ती डी५ वर गेला असता तर वजीर झाल्यावर सी५ वरून शह, वजीर मारतो, पण तिथून ए२ वर त्याची नजर पडत नाही. काळा राजा ए२ वर जातो आणि वजीर ए५ वर येऊन मात करतो. म्हणजे डी४ हेच एक घर. इतकं नेमकं उत्तर सापडल्यावर शंका उरत नाही. काकांनी वहीत ‘बरोबरी’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. मी विचारलं, “सगळ्यांचं हेच?” तिघांचे हात वर गेले.

बैठकीतला सर्वांत धोक्याचा क्षण हाच, असं माझं ठाम मत आहे. तिघंही हुशार, तिघांनी तपासलेलं, आणि उत्तर सुंदर. बुद्धिबळात बहुमताला काडीची किंमत नाही. तीन हात वर गेले म्हणून स्थिती बदलत नाही. पण तीन हात वर गेले की चौथ्याला बोलणं जड जातं, हे मात्र खरं. शिवाय इथे काळ्याची बाजू ज्या मुलीने इतक्या प्रामाणिकपणे लढवली होती तिच्या चालीचा मान राखावा असंही सगळ्यांना वाटत होतं. उत्तर मोडायचं म्हणजे तिची चाल मोडायची. एकत्र काम करताना हा गोडवाच आड येतो.

आबांचा हात खालीच होता. त्यांनी कडेचा वजीर उचलला, बोटांत फिरवला आणि दादाला विचारलं, “वजीरच कसाले?”

दादाला वाटलं, आबांना चाल समजली नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायला सुरुवात केली, प्यादं आठव्या पट्टीत गेलं की त्याचा वजीर होतो वगैरे. आबांनी त्याला पुरं बोलू दिलं. मग म्हणाले, “आमना गावमा तठे उंट व्हस.”

ज्यांना देशी बुद्धिबळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या देशी खेळात प्यादं पलीकडे पोहोचलं की त्याला हवी ती सोंगटी घेता येत नाही. ज्या पट्टीत पोहोचेल त्या पट्टीची जी मूळ सोंगटी, तीच त्याला मिळते. हत्तीच्या पट्टीत हत्ती, घोड्याच्या पट्टीत घोडा, आणि सी पट्टी उंटाची. बारकावे गावोगाव वेगळे, पण प्यादं कुठल्या पट्टीतून धाडायचं हा तिथे आधीपासून करायचा विचार असतो. पारावर खेळलेल्या माणसाला ‘प्यादं पोहोचल्यावर त्याचं काय होणार?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी पडतो. आपण आंतरराष्ट्रीय नियमांनी शिकलेली माणसं तो प्रश्न कधी विचारत नाही, कारण नियमाने चार पर्याय दिलेले असले तरी हात एकाकडेच जातो.

आबांना उत्तर माहीत नव्हतं. त्यांनी कोडं सोडवलं असं मी म्हणणार नाही. ‘उंट’ हे उत्तरही नव्हे, उंट केला तर काळ्याच्या हत्तीसमोर पांढऱ्याला जिंकायला काही उरत नाही. पण तो प्रश्न पटावर पडला आणि मुलगी उठून आत गेली, पेटी घेऊन आली. पांढरा घोडा, उंट आणि हत्ती वजिराच्या शेजारी ओळीने उभे राहिले.

घोडा तिनेच बाद केला. शह नाही, धमकी नाही, उलट हत्ती त्याच्या मागे लागेल. उरला हत्ती. दादा म्हणाला, “हत्तीविरुद्ध हत्ती म्हणजे बरोबरीच की. वजिराने नाही जमलं ते हत्तीने कसं जमेल?”

काकांनी वही मागे उलटली. स्टेलमेट कशामुळे होतंय ते त्यांनी घराघराने लिहून ठेवलं होतं: बी१ राजामुळे, बी२ राजामुळे, ए२ वजिराच्या तिरप्या नजरेमुळे. त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “हत्ती तिरपा बघत नाही.” म्हणजे काळ्याने सी४ वर हत्ती दिला आणि आपल्या हत्तीने मारला, तर ए२ मोकळं राहतं. स्टेलमेट नाही. पांढऱ्याकडे हत्ती उरतो आणि काळ्याकडे नुसता राजा. जिंकणं सोपं.

तर मग काळा सी४ वर हत्ती देणारच नाही. “आते काळा काय करी?” आबांनी मुलीकडे बघून विचारलं. काळ्याची बाजू तिची होती आणि ती तिने सोडलेली नव्हती. हत्ती झालाय सी८ वर, चाल तिची. तिने आधी काळ्याला करायला काय उरलंय ते पाहिलं आणि तिच्याच लक्षात आलं की तिला धमकी बसली आहे. पांढरा हत्ती ए८ वर गेला तर ए पट्टीतून शह, बी१ आणि बी२ राजाने अडवलेली, म्हणजे मात. मध्ये हत्ती घातला तर तोही मारला जाऊन मात. बचाव एकच: हत्ती आत्ताच ए४ वर आणून ए पट्टी धरायची. तिने तो आणला. “आता?”

आता पुन्हा दादा. यावेळी त्याचा वेग कामी आला. त्याने राजा सी२ वरून बी३ वर ठेवला. राजा बी३ वरून ए४ वरच्या हत्तीला भिडतो, तो फुकट जातोय. आणि राजाने सी पट्टी मोकळी केली म्हणून सी८ वरचा पांढरा हत्ती सरळ सी१ वर येऊन मात करण्याच्या तयारीत. दोन धमक्या, चाल एक. हत्ती वाचवावा तर मात, मात टाळावी तर हत्ती जातो. मुलीने ए३ वरून शह दिला, बी४ वरून शह दिला, सी४ वर आडवा घातला. तिन्ही वेळा हत्ती मारला गेला आणि कुठेही स्टेलमेट झालं नाही. मग तिने काळा राजा आडवा केला.

काकांनी वहीतल्या दोन रेघांवर काट मारली आणि त्याखाली पूर्ण चाली लिहिल्या: सी७, हत्ती डी६ शह, राजा बी५, हत्ती डी५ शह, राजा बी४, हत्ती डी४ शह, राजा बी३, हत्ती डी३ शह, राजा सी२, हत्ती डी४, सी८ हत्ती, हत्ती ए४, राजा बी३, पांढरा जिंकतो.

भत्त्याची (मुरमुरे-शेवेच्या चिवड्याची) पुडी सुटल्यावर मी त्यांना या स्थितीचा इतिहास सांगितला. १८७५ मध्ये फेंटन आणि पॉटर यांच्यात झालेल्या एका डावावरून ही स्थिती निघाली. तो डाव बरोबरीत सोडलेला होता. वीस वर्षांनी, १८९५ मध्ये, ग्लासगोतल्या ‘वीकली सिटिझन’ या साप्ताहिकात बुद्धिबळाचं सदर लिहिणाऱ्या जॉर्ज बार्बिये यांनी त्यावर बेतलेली रचना छापली. काळा राजा त्यांनी ए१ वर ठेवला आणि स्टेलमेटची ती देखणी कल्पना दाखवून काळा बरोबरी साधतो असं लिहिलं. त्या काळी ग्लासगोत राहणारे फर्नांडो सावेद्रा नावाचे एक स्पॅनिश धर्मगुरू होते. प्यादं वजीर न करता हत्ती केला तर पांढरा जिंकतो, हे त्यांनी दाखवून दिलं, आणि बार्बिये यांनी ते छापलं. सावेद्रा काही नावाजलेले खेळाडू नव्हते. बुद्धिबळाच्या जगात त्यांचं नाव आजही निघतं ते या एका चालीमुळे, आणि स्थितीला नाव पडलं ते त्यांचंच.

हे ऐकून मुलीचा चेहरा उजळला. आपण जिथे थांबलो तिथेच सदराचा लेखकही थांबला होता, याचा तिला दिलासा वाटला असणार. मला त्यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. डी४ ही चाल बार्बिये यांना सापडली नसती तर हत्ती करण्याला अर्थच उरला नसता. काळ्याचा बचाव जितका पक्का, तितकं पांढऱ्याचं उत्तर खोल. ग्लासगोत दोघांनी मिळून जे केलं ते काम अमळनेरच्या ओट्यावर चौघांत वाटलं गेलं. बैठकीत मुलीने काळ्याची बाजू ढिली खेळली असती, म्हणजे दादाला वजीर करू देऊन ‘झालं, जिंकलं’ म्हणून सोडलं असतं, तर निकाल बरोबर आला असता आणि कोडं कोणालाच कळलं नसतं.

त्यामुळे माझ्या मते त्या दिवशीचं सर्वांत मोलाचं काम तिचं. शेवटपर्यंत ती एका बाजूला राहिली. एकत्र सोडवायला बसलेली माणसं बहुतेक वेळा सगळीच पांढऱ्याकडून खेळतात. सगळ्यांना उत्तर हवं असतं, म्हणून काळ्याच्या चाली नकळत सौम्य होत जातात. एकाने मनापासून विरुद्ध बाजू धरली की बाकीच्यांचे तर्क तिथेच घासून निघतात. आबांचा प्रश्न दुसऱ्या जातीचा. तो वेगळ्या खेळातून आला, आणि त्या खेळात वाढलेला माणूस बैठकीत नसता तर आलाच नसता. काकांच्या वहीत स्टेलमेटची तीन कारणं वेगवेगळी लिहिलेली नसती तर त्या प्रश्नाचं पुढे काही झालं नसतं. ‘स्टेलमेट’ एवढा एकच शब्द लिहिलेला असता तर ए२ चं घर सुटं दिसलंच नसतं.

दोन बदल आम्ही लगेच केले. प्यादं पुढे जाण्याची शक्यता असलेली कुठलीही स्थिती मांडली की आता पटाच्या कडेला वजीर, हत्ती, उंट, घोडा हे चौघेही उभे राहतात, किंवा एकही नाही. दुसरं, हात वर करून मत विचारणं बंद. मी ते विचारलं की निकाल लागल्यासारखं वाटतं. त्याऐवजी आता ज्याचं उत्तर आहे त्याने दुसऱ्या बाजूला बसून ते मोडून दाखवायचा प्रयत्न करायचा.

पुढच्या बैठकीला काका घरून एक सवाल घेऊन आले. चौथ्या चालीला, काळा हत्ती डी४ वरून शह देतो तेव्हा, राजा बी३ ऐवजी सी३ वर गेला तर? आपण तर सी पट्टी निषिद्ध धरली होती. दादा लगेच म्हणाला, हत्ती डी१, आणि मागून वजिराचा घात. काका म्हणाले, मग वजीर करायचाच नाही, राजा सी२ वर न्यायचा. राजा सी२ वरून डी१ वरच्या हत्तीला भिडतो. आता सी१ वरून शह देता येत नाही, राजाच मारेल. हत्तीला पळावं लागतं, आणि त्याचं एकच चांगलं घर पुन्हा डी४. म्हणजे फिरून तीच स्थिती. सगळ्यांनी तपासलं, बरोबर निघालं. मुलीने विचारलं, “मग रचनेत खोट आहे का, सर?” मी म्हटलं, जाणकार तिला खोट मानत नाहीत, कारण वाट वेगळी असली तरी मुक्काम तोच आहे आणि मुक्कामावरची चाल एकच आहे. तिचं पूर्ण समाधान झालं नाही, आणि तसं न होणंच मला आवडलं.

मग तिने स्वतःचा सवाल टाकला: मूळ स्थितीत चाल काळ्याची असती तर? याला दोन मिनिटंही लागली नाहीत. हत्ती डी६ वर येतो, सी६ वरचं प्यादं राजासमोर खिळतं, आणि पांढऱ्याने काहीही केलं तरी हत्ती पुढच्या चालीला प्यादं मारतो. राजाने हत्ती मारला तरी दोन राजेच उरले.

त्यानंतर मी रिचर्ड रेती यांची १९२१ ची रचना मांडली. पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६, काळा राजा ए६, काळं प्यादं एच५, चाल पांढऱ्याची. आता दोन्हीकडे प्यादी आहेत, म्हणून दोन्ही रंगांच्या चारही सोंगट्या कडेला उभ्या केल्या. काळ्याची बाजू आबांनी मागून घेतली.